पाच-शून्यची झिंग किती दिवस पुरवायची?

प्रश्न : शनिवारी आमच्या संघानं कट्टर प्रतिस्पर्ध्यांना ५-० असं लोळवलं. मी स्टेडियममध्ये होतो. घसा पार बसलाय, दोन रात्री धड झोप नाही. पाचही गोलांच्या क्लिप चाळीसेक वेळा तरी बघितल्या असतील, पण कालपासून पहिल्यासारखं अंगावर येत नाही आणि त्याचीच भीती वाटतेय. माझा एक जिवलग मित्र त्यांचा चाहता. एरवी दर आठवड्याला आम्ही एकत्रच सामने बघतो. शनिवारी तो समोरच्या स्टँडमध्ये होता. शेवटच्या शिट्टीपासून मी त्याला अकरा मेसेज टाकले, एकाचंही उत्तर नाही. बुधवारी तळाच्या संघाशी सामना आहे, तोही चार-पाच गोलांनी जिंकणार याबद्दल मला शंका नाही. दंडावर तारीख आणि ‘५-०’ गोंदवून घ्यायचं मनात आहे. हा आनंद टिकवू कसा? आणि मित्राचं काय करू?
— पाच बोटं वर

उत्तर : तुम्हाला पाच गोल पाठ आहेत, पण सामना तुम्ही अजून पाहिलेलाच नाही. झिंग उतरायला लागली आहे ती यामुळेच.

क्लिप सुरू होते गोलच्या आठ-दहा सेकंद आधी. चेंडू जाळ्यात जाणार हे ठाऊक असतं, त्यामुळे शनिवारी छातीत जी धडधड होती तिला इथे जागाच नाही. चाळीस वेळा पाहिल्यावर उरते ती फक्त चित्रं. शिवाय स्टँडमधून पाहताना तुमच्या समोरच्या टोकाला झालेले गोल तुम्ही नीट पाहिले, पलीकडच्या टोकाचे मात्र अर्धे-मुर्धे, पुढच्यांच्या उंचावलेल्या हातांमधून. म्हणून क्लिप बंद करा आणि पूर्ण नव्वद मिनिटांचं रेकॉर्डिंग मिळवा.

पहिल्यांदा बघाल तेव्हा ते सलग बघा, न थांबवता, साध्या वेगानं. समालोचन बंद करून नुसता प्रेक्षकांचा आवाज ठेवायची सोय असेल तर तसं करा, कारण समालोचक कुठे बघायचं ते सांगतो आणि आपण तिथेच बघत राहतो. या फेरीत शोधायचा तो पहिल्या गोलच्या आधीचा काळ. एकतर्फी निकालांच्या पोटातही बहुतेक वेळा असं एखादं मिनिट सापडतं जेव्हा सामना दुसरीकडे वळू शकला असता : त्यांचा हेडर बारवरून गेला, तुमच्या सेंटर बॅकनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, शेवटच्या क्षणी पाय घातला. लिव्हरपूलनं मँचेस्टर युनायटेडला ५ मार्च २०२३ रोजी ७-० हरवलं ते सगळ्यांना आठवतं, पण पहिला गोल ४३व्या मिनिटाला झाला होता आणि मध्यंतराला धावफलक नुसता १-० होता, हे किती जणांना आठवतं? उरलेले सहा गोल उत्तरार्धातले. अशी निसटती मिनिटं कळली की पुढचे गोल पुन्हा गोड लागतात.

दुसरी फेरी वही घेऊन. आता प्रत्येक गोलच्या साठ सेकंद आधीपासून बघा आणि पाच गोष्टी लिहा. चेंडू आपल्याकडे कुठे आला, म्हणजे आपल्या भागात, मध्यावर की त्यांच्या गोलजवळ. कसा आला : अडवून, त्यांच्या चुकीच्या पासमुळे, की थ्रो-इन किंवा फ्री किकवरून. तिथून गोलपर्यंत किती पास आणि किती सेकंद लागले. गोलच्या क्षणी पेनल्टी बॉक्समध्ये आपले किती जण होते. आणि शेवटची, सगळ्यात कळीची : त्यांचा कोणता बचावपटू आपली जागा सोडून गेला आणि त्याला कुणी ओढून नेलं. जागा ओढणाऱ्याचं नाव गोलच्या नोंदीत कुठेच येत नाही. स्ट्रायकर पहिल्या खांबाकडे पळाला, सेंटर बॅक त्याच्यामागे गेला आणि मागून येणाऱ्या मिडफिल्डरला मोकळी जागा मिळाली, तर हायलाइट्समध्ये दिसतो तो फक्त मिडफिल्डर. पाचपैकी तीन गोल एकाच बाजूने, एकाच फुल बॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) पाठीमागून झालेत असं आढळलं तर समजा की आठवडाभराच्या सरावात तेच घोटलं गेलं होतं.

यात एक अडचण येईल. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूला चिकटून असतो आणि पलीकडच्या बाजूचा खेळाडू चौकटीबाहेर राहतो. शिवाय रिप्ले चालू असतानाच खेळ पुन्हा सुरू होतो आणि ती काही सेकंदं हातातून जातात. त्यावर उपाय म्हणजे गोल किक आणि लांब थ्रो-इनच्या वेळी व्हिडिओ थांबवायचा. अशा वेळी चित्र बहुधा रुंद असतं, दोन्ही संघांची मांडणी एका नजरेत येते. त्यांच्या बचावाची रेषा मध्यरेषेपासून किती लांब आहे, मधली फळी आणि बचावफळी यांच्यात किती अंतर पडलंय, ते दहाव्या, तिसाव्या, साठाव्या आणि ऐंशीव्या मिनिटाला बघून नोंदवा. पाच गोल खाणाऱ्या संघात हे अंतर वाढत गेलेलं बहुधा डोळ्यांनी दिसतं.

ते का वाढतं हे समजलं की चौथ्या-पाचव्या गोलकडे बघायची नजर बदलते. दोन गोलांनी मागे पडलेला संघ बचावाची रेषा वर ढकलतो, फुल बॅक पुढे धाडतो, एखादा बचावात्मक मिडफिल्डर काढून स्ट्रायकर आणतो. त्यामुळे मागे मोकळं रान तयार होतं. चेंडू हरवला की समोर चाळीस-पन्नास मीटर मैदान आणि बचावाला दोघंच. पहिले दोन गोल तुमच्या संघाच्या कर्तबगारीचे असतात, पुढच्यांत प्रतिस्पर्ध्याच्या हतबलतेचाही वाटा असतो. डर्बीत, म्हणजे अशा कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या लढतीत, हे जास्त होतं, कारण समोर आपलेच प्रेक्षक ओरडत असताना ‘आता दार लावून बसू’ असं म्हणायला फार कमी संघ धजावतात.

२३ ऑक्टोबर २०११ ला ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्याच मैदानात, मँचेस्टर सिटीनं युनायटेडला ६-१ हरवलं त्यात हे सगळं आहे. सिटी १-० नं पुढे असताना ४७व्या मिनिटाला युनायटेडच्या जॉनी इव्हान्सला लाल कार्ड मिळालं. ८१व्या मिनिटाला युनायटेडच्या डॅरेन फ्लेचरनं एक गोल फेडून ३-१ केलं, दहा जणांचा युनायटेड पुढे सरसावत राहिला आणि ८९व्या मिनिटापासून भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटापर्यंत सिटीनं आणखी तीन गोल घातले. त्या तीन गोलांना तेव्हा कुणीही शोभेचे म्हटलं असतं. हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघांचे ८९ गुण होते. सिटीचे ९३ गोल झालेले आणि २९ खाल्लेले, युनायटेडचे ८९ आणि ३३. गोलफरकावर विजेतेपद सिटीकडे गेलं. आता वहीत एक गणित करून बघा : बाकी सगळं तसंच ठेवा आणि तो सामना ६-१ ऐवजी १-० धरा. दोघांचेही झालेले गोल ८८ होतात आणि खाल्लेले २८. तसूभरही फरक उरत नाही, आणि त्या वेळच्या नियमानुसार विजेता ठरवायला तटस्थ मैदानावर आणखी एक सामना खेळवावा लागला असता. ‘पाचवा गोल कशाला हवा होता, उगाच जखमेवर मीठ’ असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण खिशात असू द्या.

अर्थात तुमच्या लीगमध्ये गुण समान झाल्यावर आधी काय मोजतात ते नियमांत पाहून घ्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधी सबंध हंगामाचा गोलफरक बघतात. स्पॅनिश ला लिगामध्ये आधी त्या दोन संघांमधल्या दोन लढती बघतात. अशा लीगमध्ये ५-० चा अर्थ असा की परतीच्या लढतीत ०-४ हरलात तरी त्या प्रतिस्पर्ध्याच्या वरच राहाल. म्हणजे शनिवारच्या पाचव्या गोलची किंमत कदाचित परतीच्या लढतीतच कळेल.

आणखी एक आकडा पाहून ठेवा, थोडा कडू असला तरी : एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक फटका किती वेळा गोल होतो याची शक्यता मांडून त्यांची बेरीज करतात. पेनल्टीची शक्यता साधारण ०.७६ ते ०.७९ धरली जाते, बॉक्सबाहेरच्या बहुतेक फटक्यांची त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तुमची बेरीज चारच्या आसपास असेल तर संधीच भरपूर निर्माण झाल्या होत्या, आणि ते पुन्हा घडू शकतं. दोनच्या आसपास असेल तर नेमबाजी त्या दिवशी अचाट होती किंवा त्यांचा गोलरक्षक ढिला होता, आणि तसा दिवस मागून मिळत नाही. आनंदात यानं उणं काही होत नाही. फक्त बुधवारी किती अपेक्षा ठेवायची ते यावरून ठरवा.

बुधवारबद्दल तुम्ही जी खात्री बाळगली आहे ती आम्हाला अजिबात नाही. त्या ७-० नंतर सहाच दिवसांनी, ११ मार्चला, लिव्हरपूल बोर्नमथकडून ०-१ हरलं आणि मोहम्मद सलाहनं त्यात पेनल्टी दवडली. याच बोर्नमथला ऑगस्ट २०२२ मध्ये याच लिव्हरपूलनं ९-० धुतलं होतं. हंगामअखेर सात गोल खाल्लेला युनायटेड तिसरा आला आणि लिव्हरपूल पाचवं. हे असं घडतं त्याला दैव कारण नाही, मैदानावरची कारणं आहेत. शनिवारचा प्रतिस्पर्धी खेळायला आला होता, म्हणून त्याच्या पाठीमागे जागा होती. तळाचा संघ पाच बचावपटू आणि त्यांच्यापुढे चौघं अशा दोन भिंती घालून स्वतःच्या बॉक्ससमोर बसेल. तुमच्या विंगरच्या, म्हणजे कडेनं धावणाऱ्या आक्रमकाच्या, ज्या धावेनं शनिवारी गोल झाले असतील, ती धाव घ्यायला मैदानच शिल्लक नसेल. इथे लागतात ते चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे झटपट फिरवणं, बॉक्सच्या कडेवरून मागे खेचून दिलेले पास आणि कॉर्नर. मधे तीनच दिवस असल्यानं प्रशिक्षक दोन-तीन जणांना विश्रांतीही देईल, आणि बहुधा त्यांनाच जे शनिवारी सगळ्यात जास्त धावले. पहिल्या वीस मिनिटांत बॉक्सच्या आतून किती फटके मारले ते मोजा. दोनपेक्षा कमी असतील तर संध्याकाळ लांबणार आहे असं समजून मांडी ठोकून बसा. आणि बुधवारच्या निकालावर पैसे लावायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. मोठ्या विजयानंतर त्या संघावरचा भाव आधीच पडलेला असतो आणि आपला अंदाज आधीच फुगलेला.

आता मित्र. अकरा मेसेज म्हणजे दोन गोलांमागे चारहून जास्त, हे प्रमाण कुठल्याही मैत्रीला झेपणारं नाही. तुम्ही टाकलेत तेव्हा तो समोरच्या स्टँडमधून मान खाली घालून बाहेर पडत असेल, आणि तेव्हा पहिल्या मेसेजचीही गरज नव्हती. पराभवाचा पहिला दिवस हरलेल्याचा असतो. त्या दिवशी गप्प राहणाऱ्याला पुढे चिमटे काढायचा हक्क मिळतो, आणि ओरडणारा तो त्याच रात्री खर्चून टाकतो. आता बारावा मेसेज टाकू नका, आधीचे पुसूही नका. पुसलेल्या मेसेजची खूण राहते आणि काय लिहिलं होतं याचा अंदाज खऱ्यापेक्षा वाईटच बांधला जातो.

खिजवण्याला आमचा विरोध नाही, ते नसेल तर डर्बी कसली? पण खिजवायचं ते संघाला, माणसाला नाही. ‘तुमचा सेंटर बॅक अजून आमच्या नऊ नंबरला शोधतोय’ हे चालतं. ‘तुला फुटबॉलमधलं काय कळतं’ हे चालत नाही. विनोदात एखादा टोला आपल्याच संघाला असला की तो जास्त लागतो आणि कमी दुखतो. मेलेल्यांवरून काहीही नाही, कधीही नाही. म्युनिकमध्ये १९५८ साली युनायटेडच्या संघाला झालेला विमान अपघात आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांचे बळी घेणारी १९८९ ची हिल्सबरोची चेंगराचेंगरी यांवरून दिल्या जाणाऱ्या घोषणा इतक्या चिघळल्या होत्या की वर सांगितलेल्या ७-० सामन्याआधी युर्गेन क्लॉप आणि एरिक टेन हाग या दोन्ही प्रशिक्षकांनी मिळून त्या थांबवायचं आवाहन केलं होतं. तुमच्या अकरांपैकी एखाद्या मेसेजमध्ये त्या वळणाचं काही असेल तर त्यासाठी वेगळी माफी मागा, ‘गंमत होती’ हे शब्द न वापरता.

तुम्ही सहीत पाच बोटं वर केली आहेत म्हणून हेही सांगतो. २९ नोव्हेंबर २०१० रोजी बार्सिलोनानं रेआल माद्रिदला ५-० हरवलं तेव्हा जेरार्ड पिकेनं प्रेक्षकांकडे बघून पंजा उघडून दाखवला होता. पाच गोलांना स्पेनमध्ये ‘मानिता’ म्हणजे ‘छोटा हात’ म्हणतातच. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते तोच २० एप्रिल २०११ ला कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माद्रिदनं त्याच बार्सिलोनाला जादा वेळेत क्रिस्तियानो रोनाल्डोच्या हेडरनं १-० हरवलं. बार्सिलोनानं त्या हंगामात लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या हे खरं, पण तो चषक हातचा गेलाच. तुमचे अकरा मेसेजही तुमच्या मित्राकडे जपून आहेत, हे लक्षात असू द्या.

गोंदवण्याची घाई करू नका. हंगाम संपेपर्यंत थांबा. तेव्हाही इच्छा तेवढीच असेल तर खुशाल गोंदवा, आणि खेळाडूचं नाव मात्र घालू नका, कारण खेळाडू बदली होतो, प्रसंगी त्याच प्रतिस्पर्ध्याकडे. ‘५-०’ मधला आणखी एक धोका असा की समोरचा माणूस तो कुठल्या बाजूने वाचतो यावर अर्थ अवलंबून असतो.

त्यापेक्षा जे हातात आहे ते नीट ठेवा. तिकीट थर्मल कागदावर छापलेलं असेल तर लॅमिनेट अजिबात करू नका. तो कागद उष्णतेनं काळा पडतो, यंत्रातून बाहेर येईल तो काळा तुकडा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, त्यातल्या रसायनांनी अक्षरं उडतात. आजच ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात, अंधारात ठेवा. तिकीट मोबाइलमध्ये असेल तर अॅपमधून गायब व्हायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट काढा. रविवारच्या वर्तमानपत्राचं पान घडी न घालता, आम्लविरहित फोल्डरमध्ये, चिकटपट्टी न लावता ठेवा. भिंतीवर लावलं तर उन्हानं काही आठवड्यांतच पिवळं पडेल. जर्सी उलटी करून ३० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात धुवा, ड्रायर नको, नाव-नंबरवर इस्त्री तर नाहीच.

घशासाठी : बोलणं कमी, पाणी भरपूर, आणि कुजबुजू नका. कुजबुजण्यानं आवाजाच्या पट्ट्यांना आराम मिळतो हा गैरसमज आहे, उलट ताण पडतो. खाकरणंही टाळा. दोन आठवड्यांनंतरही आवाज सुटला नाही तर डॉक्टरांना दाखवा. झोपेचं म्हणाल तर दुपारनंतर कॉफी नको, तिच्यातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एक्केचाळिसावी क्लिप बघायची खुमखुमी रात्री एक वाजताच येते.

राहिला बुधवार. सामना सुरू व्हायच्या दोन तास आधी मित्राला फोन करा, मेसेज नको. शनिवारचा विषय काढू नका, ‘येतोयस ना?’ एवढंच विचारा. आला तर त्याची नेहमीची जागा मोकळी असू द्या आणि वही नजरेआड ठेवा. पहिला गोल तुमच्यावर झाला तर निदान पाच मिनिटं त्याला मनसोक्त बोलू द्या, मधे तोंड न घालता. घसा बसलेलाच आहे, फार जड जाणार नाही.